बाइंडरकाकांची तीन शिंगं

बाइंडरकाकांनी या वयात कुणाला तरी गाठलंय, अशी कुजबुज आमच्या जिन्यात आठवडाभर रंगली होती. कारणही तसंच होतं. पुस्तकं बांधण्यात हयात गेलेला हा विधुर गृहस्थ रविवारी संध्याकाळी डोक्यावर केसांची तीन निळी शिंगं उभारून पाव आणायला निघाला. पोरं बघतात त्या कार्टूनमधल्या आगाऊ राक्षसाला असतात ना, अगदी तश्शी!

“काय काका, नवरदेव कधी होताय?” तळमजल्यावरच्या वहिनींनी छेडलं.

“आधी मुलगी तर बघा, वहिनी,” म्हणत काका पाव घेऊन वर गेले.

शिंगं बांधणीच्या खळीत शाई कालवून थापलेली होती. ही खळ वाळली की पुठ्ठ्यासारखी कडक होते. सोमवारी काका डोकं धुतील म्हटलं, तर शनिवारीही शिंगं तशीच! ती मोडू नयेत म्हणून काका खुर्चीत बसून झोपायचे. ते समोरच्या खिडकीतून दिसलं आणि कुजबुजीला आणखी ऊत आला.

खरं एवढंच होतं. परगावची नात व्हिडिओ कॉलवर आजोबांकडे न बघता कार्टून बघत बसायची. तिनं आपल्याकडे बघावं म्हणून काकांनी ती शिंगं केली होती. त्या रविवारी मुलाचा फोन आलाच नाही, म्हणून त्यांनी ती पुढच्या रविवारसाठी तशीच ठेवली.