शेलारांचं घर पळत होतं

आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी, आणि त्याचे परिणाम सगळं घर भोगतंय.

मी बी.एस्सी. व्हावं म्हणून बाबांनी अंबरनाथच्या कारखान्यात कंत्राटावर दोन-दोन पाळ्या केल्या, आईनं चामटोलीत दुसऱ्यांच्या खाचरांत भात लावला, आणि ताईनं बारावीनंतर शिक्षण सोडलं. वर तिची दोन स्थळं मोडली. एकांना आमचं कौलारू घर खटकलं, दुसऱ्यांना बाबांचं कंत्राट. तिसरं स्थळ उल्हासनगर कॅम्प एकच्या शेलारांचं. मुलाला वडील नव्हते, घरात काकांचा शब्द चालायचा; पण बघायला नितीन आणि त्याची आईच आली होती, काकांना आम्ही अजून पाहिलं नव्हतं. नितीन ताईला आवडला, ताई नितीनला. आता आम्ही त्यांच्या घरी जाऊन सुपारी फोडायची, तीही साडेबाराच्या आत. पुढे अमावास्या लागत होती!

रिक्षातून उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. बाबा, आई, आत्या आणि मी.

"नितीनला फोन लाव, न्यायला येईल," आई म्हणाली.

"कशाला? फोनमध्ये नकाशा आहे की!" मी म्हणालो. "फिजिक्स घेऊन पास झालोय मी."

बाबांनाही पहिल्याच भेटीत 'रस्ता चुकले' असं नाव नको होतं. आत्याला मात्र पत्ताच संशयास्पद वाटत होता. "गोदामाच्या मागे, डावीकडे, मग पुन्हा डावीकडे... असा कुठं पत्ता असतो? घर भाड्याचं असणार. लिहून घे, दादा!"

गल्लीत शिरलो आणि नकाशा भंजाळला. वर पत्रे, पत्र्यांखाली ताडपत्र्या, दोन्ही बाजूंना पाच-पाच मजले. उपग्रहाला आम्ही दिसणार कुठून? निळा ठिपका आधी नाल्यात गेला, मग थेट नदीत.

"आपण उल्हास नदीत उभे आहोत," मी सांगितलं.

बाबांनी खाली बघितलं. बघून घेतलेलं बरं!

अर्धा तास त्याच चार गल्ल्या फिरल्यावर मला शास्त्र सुचलं. "उपग्रह गेला खड्ड्यात! आजूबाजूला वायफाय तर आहेत ना? ती जागची हलत नाहीत. ज्याच्या दांड्या वाढतील, ते जवळ."

यादी उघडली. 'लकी जीन्स', 'पासवर्ड मत मांगो', 'पिंकी फर्स्ट फ्लोअर', आणि त्यांच्याखाली 'शेलार काका'!

"सापडलं घर!" मी ओरडलो आणि फोन डोक्याच्या वर धरून निघालो. मागे पेढ्यांची पिशवी छातीशी धरलेली आत्या, तिच्यामागे आई-बाबा. दोन दांड्या, तीन दांड्या... मग पुन्हा दोन.

"काय झालं रं?" आत्यानं विचारलं.

"लांब गेलं."

"घर लांब गेलं?" आईनं विचारलं.

"परावर्तन असतं, आई. भिंतींवरून." (हे वाक्य परीक्षेत मला चार मार्कांना आलं होतं.)

आम्ही वेग वाढवला. घरानंही वाढवला. डावीकडे वळलो, घर उजवीकडे गेलेलं!

"आपण येणार म्हणून पळतंय," आत्या म्हणाली. "या घरात काहीतरी भानगड आहे."

आमच्या पुढे पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ चालले होते. योगायोगानं त्यांची आणि आमची वाट एकच होती. ते सारखे मागे वळून बघत होते.

"लक्षण ठीक नाही," आत्या गल्लीभर ऐकू जाईल अशी कुजबुजली. "चोर आहे तो. पेढ्यांवर डोळा आहे त्याचा."

गृहस्थ एकदम पळत सुटले आणि 'लकी जीन्स'मध्ये घुसले. इकडे फोनवर सगळ्या दांड्या भरल्या.

"पोचलो!" मी जाहीर केलं.

"हे दुकान आहे," बाबा म्हणाले.

"म्हटलं नव्हतं? दुकानात राहतात!" आत्या म्हणाली.

आतून, काउंटरच्या मागून, गृहस्थांचा आवाज आला. "हां नितीन, चौघं आहेत. दोन बाया पण आहेत. एक लुकडा माझं शूटिंग करतोय. पोरांना घेऊन ये!"

चार मिनिटांत दोन बाइक आल्या. पुढच्या बाइकवरून नितीन उतरला, हातात बॅट उगारलेली. समोर होणारे सासरे! पोरगा हुशार. बॅटसकट वाकला आणि पाया पडला.

सफारी उठून उभी राहिली. "म्हणजे... हे पाहुणे? अहो, मी तुम्हालाच शोधायला निघालो होतो!" ते शेलारकाका होते. घरात कुणीतरी नेट मागितलं म्हणून त्यांनी फोनचा हॉटस्पॉट चालू केला होता, आणि तो तसाच खिशात घालून ते बाहेर पडले होते. जे घर मी शोधत होतो ते त्यांच्या खिशात होतं!

"मला चोर समजलात?" काका लालबुंद झाले. "अशा घरची मुलगी..."

बाबांचा चेहरा उतरला. तिसरं स्थळही माझ्या फिजिक्सनं मोडलं, असं मला वाटलं. तेवढ्यात आत्या पुढे झाली.

"आणि तुम्ही आम्हाला काय समजलात?"

काका अडखळले. "चोरच."

"मग फिटलं की!"

काकांना हसू आवरेना. पण बारा वीस झाले होते, घर पायी पंधरा मिनिटांवर, आणि दोन बाइकवर सगळे मावेनात. शेवटी दुकानाचे सिंधी मालकच म्हणाले, "अरे साईं, घर क्यों जाना? काउंटर खाली है, इधर ही फोड़ो सुपारी!"

नितीनच्या आई व्हिडिओ कॉलवर आल्या. जीन्सच्या ढिगाऱ्यात पाट मांडावा तशी जागा केली, आणि बाबांनी अन् काकांनी शटरच्या कुलपानं सुपारी फोडली. बारा अठ्ठावीस!

ताईचं लग्न झालं. शेलारांच्या घरी ती सुखात आहे, आणि बारावीनंतर सुटलेलं शिक्षण पुन्हा धरून आता बी.ए. करतेय. ते घर मात्र मला आजतागायत एकट्याला सापडलेलं नाही. दर वेळी काका चौकात न्यायला येतात, आणि मला पुढे चालायला लावतात. मागे ठेवत नाहीत!