मामांचा सेक्टर समाचार

कुठलीही बातमी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरी मानायची नाही, या एका तत्त्वावर सबंध आयुष्य काढलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि नशिबाने तो माझ्या बायकोचा मामा निघाला. पाऊस पडतोय म्हटलं की मामा खिडकीतून हात बाहेर काढणार. दूध उतू जातंय म्हटलं तर आधी स्वयंपाकघरात जाऊन खात्री करून घेणार, आणि तोवर ते गेलेलं असणार. मामी सांगायच्या, "मुलगी बघायला आले तेव्हा ह्यांनी माझी उंची विचारली. मी सांगितली, तर म्हणाले, मोजून घेतली तर चालेल का?" मामा ही हकिकत कधी नाकारत नसत. "अर्धा इंच कमी भरली होती," एवढीच पुस्ती जोडत आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत. त्या वर्तमानपत्रावरही त्यांचा विश्वास नव्हताच, पण सवय होती.

मामांनी दिल्लीतल्या एका मंत्रालयात तीसेक वर्षं काढली आणि राहिले ते आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा दिल्लीची हद्द ओलांडून हरियाणात जे नवे सेक्टर पाडले जात होते, त्यातल्या एका सोसायटीत त्यांनी फ्लॅट घेतला. त्याच सुमाराला, म्हणजे देशात रंगीत शीतपेयं आणि परदेशी कंपन्या एकदमच अवतरल्या तेव्हा, मीही पुण्याहून अशाच एका कंपनीत नोकरीला आलो आणि मामांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. बिल्डरच्या माहितीपत्रकात सेक्टरला कारंजं होतं, वाचनालय होतं आणि हातात हात घालून चालणारं एक गोरंपान जोडपं होतं. प्रत्यक्षात मोहरीची शेतं होती, धूळ होती आणि म्हशी होत्या. पाण्याचा टँकर कधी येणार, वीज कधी जाणार, नगरपालिका उद्या कुठला रस्ता खणणार, हे कुणालाच ठाऊक नसे. दूधवाला एक सांगे, इस्त्रीवाला दुसरंच सांगे, आणि अख्खी सोसायटी बादल्या घेऊन चुकीच्या वेळी चुकीच्या जागी उभी राही. मामांना हे सहन होईना. महिन्याभरात त्यांनी 'सेक्टर समाचार' काढला.

हा समाचार म्हणजे दर बुधवारी निघणारा एक फुलस्केप कागद. ऑफिसातल्या जुन्या सामानाच्या लिलावात मामांनी हिंदीचा एक टाइपरायटर घेतला होता, त्यावर ते कार्बन घालून एका दमात सहा प्रती काढत. पहिल्या पाच प्रती गेटवर, पाण्याच्या टाकीपाशी, इस्त्रीवाल्याच्या टपरीवर वगैरे लागत. सहावी मला मिळे, कारण मी घरचा. सहाव्या कार्बनपर्यंत पोचता पोचता अक्षरांचा जीव गेलेला असे. मी त्या बातम्या वाचत नसे, अंदाजाने ओळखत असे. एकदा टँकर येणार या बातमीचा मी मंत्री येणार असा अर्थ लावला आणि इस्त्रीचा शर्ट घालून खाली जाऊन उभा राहिलो. याशिवाय एक सातवी प्रत असे, ती मामा हाताने मराठीत लिहून मामींना देत. मामींना हिंदी उत्तम येत होतं, भाजीवाल्याशी तर त्या हिंदीत भांडतही. पण मामा म्हणत, "घरात मराठी प्रत पाहिजे. नियमच आहे." हा नियम कुणी केला होता ते मी कधी विचारलं नाही.

प्रत्येक बातमीच्या खाली कंसात 'स्वयं देखा' असं छापलेलं असायचं, आणि ते शब्दशः खरं असे. मामा स्कूटरवरून, मोजायची टेप आणि वही घेऊन, सेक्टरभर हिंडत. नियोजित बागेची पाहणी ते दर रविवारी करत आणि नियोजित बागेत जे असेल ते छापत. 'उद्यान में इस सप्ताह छह भैंसें.' पुढच्या आठवड्यात 'पाँच भैंसें.' हे वाचून म्हशींचा मालक, पागोटं बांधलेला एक उंचापुरा चौधरी, थेट मामांच्या दारात आला. "बाबूजी, छठी खोई ना है, बेच दी. लिख दो, लोग पूछैं सैं." मामांनी पुढच्या अंकात ते लिहिलं, पण त्याआधी म्हैस विकत घेणाऱ्याच्या गावी जाऊन म्हैस पाहून आले. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांबद्दल तर एकदा कुणीतरी उठवलं की ते गेले. बायका पदर डोक्यावर घेऊन जमू लागल्या. मामा तेवढे वही घेऊन वर गेले आणि बेल दाबली. दार खुद्द कर्नलसाहेबांनी उघडलं.

"जी, एक सूचना की पुष्टि करनी थी," मामा म्हणाले.

"कौन-सी सूचना?"

"जी, अब हो गई."

कर्नलसाहेब हुशार. त्यांच्या सगळं लक्षात आलं, त्यांनी मामांना आत ओढून चहा पाजला, आणि बुधवारच्या अंकात अगदी वर बातमी आली की कर्नलसाहेब आहेत, चहा पितात, स्वयं देखा. तेव्हापासून कर्नलसाहेब समाचारचे पक्के भक्त. मामांनी लिहिलंय म्हणजे ते आहेच, असं सगळा सेक्टर म्हणू लागला. वीज दहाला जाणार असं छापलेलं असताना एकदा ती दहा वीसला गेली, तर लोक विजेवरच चिडले. मामा मात्र ती वीस मिनिटं घड्याळाकडे बघत अपराध्यासारखे बसून होते.

आता मामींबद्दल सांगायला हवं. मामींनी आर. के. पुरम सोडलं ते मनापासून सोडलंच नव्हतं. तिथे शनिवारी दुपारी मराठी बायकांचं भजन असायचं आणि मामी पेटी वाजवायच्या. पेटी मंडळाची, म्हणून ती तिकडेच राहिली, आणि मामी इकडे. मामींची पाठ धरलेली असल्याने स्कूटर वर्ज्य. बस पकडायला हायवेपर्यंत जीपमध्ये कोंबून जायचं, तेही त्यांना झेपेना. सेक्टरपासून आर. के. पुरमपर्यंत सरकारी बस सुरू होणार असं पहिल्या दिवसापासून बोललं जात होतं, आणि समाचारात दर बुधवारी शेवटची ओळ तीच असे: 'बस : विचाराधीन.' मामींची प्रत मराठीत असली तरी त्या ओळीत काही फरक पडत नसे. दोन वर्षं मामींनी ती ओळ वाचली. मग एक दिवस भाजी निवडता निवडता त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी जरा पुण्याला जाऊन येते गं, मुलाकडे. पुढच्या मंगळवारचं तिकीट काढलंय." परत कधीचं काढलंय, असं बायकोने विचारलं. मामींनी भाजीतून मान वर केली नाही. मामा बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांनी ते ऐकलं होतं हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

त्या बुधवारची माझी सहावी प्रत मला अजून डोळ्यांपुढे दिसते, कारण ती मला वाचता आली. एकच बातमी अशी काही जोरात टाइप केली होती की सहाव्या कागदावरही ती ठसठशीत उमटली होती. येत्या शनिवारपासून बस सुरू, आर. के. पुरमहून साडेबाराला सुटून सेक्टरात दोन वाजता, लगेच परत. खाली 'स्वयं देखा' नव्हतं. मी खाली जाऊन मामांना गाठलं.

"मामा, बस बघून आलात?"

"जावईबापू," मामा म्हणाले, "फाइल वर गेली आहे असं बसच्या ऑफिसातला क्लार्क म्हणाला."

"पण बघितलीत का?"

मामांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. तोवर मामी पीसीओवर जाऊन आर. के. पुरमला फोन करून आल्या होत्या, वेळापत्रकासकट. त्यांनी कपाटातून मोरपंखी साडी काढली होती आणि भजनाची वही शोधत होत्या. वही पुण्याला न्यायच्या बॅगेत अगदी तळाला गेली होती, म्हणून भरलेली बॅग त्यांनी पुन्हा उपसली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझ्याच्याने पुढे काही बोलवेना, मामांच्याने तर नाहीच.

शनिवारी दोन वाजता सेक्टरच्या कोपऱ्यावर वीसेक माणसं जमली. कर्नलसाहेब काठी घेऊन आले, इस्त्रीवाला स्वतःचा कुर्ता कडक इस्त्री करून आला. मामींच्या हातात पिशवी, पिशवीत वही, चष्मा आणि मैत्रिणींसाठी रव्याचे लाडू. दोन वाजले, सव्वादोन वाजले, अडीच झाले. कुणी कुरकूर करीना, आणि हेच मामांना जास्त लागत असावं. "समाचार में आया है तो आएगी," कर्नलसाहेब सगळ्यांना धीर देत होते. तीनच्या सुमाराला मामा पुढे झाले. "बस नहीं आएगी," ते म्हणाले. "मैंने देखी नहीं थी. फिर भी छाप दिया. गलती मेरी है."

मामी विटांच्या ढिगावर टेकल्या.

"तुम्ही बघितलं नव्हतंत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि छापलंत?"

"हो."

"का?"

"बस आहे म्हटल्यावर तरी थांबशील म्हणून," मामा म्हणाले. हे ते वीस माणसांपुढे बोलले, पण मराठीत, त्यामुळे कळलं ते मामींना, माझ्या बायकोला आणि मला. मी मोहरीच्या शेताकडे बघत राहिलो. मला मामांचा इतका लळा आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

सगळे परतायच्या बेतात असताना रस्त्यावर धूळ उडाली आणि धुळीतून एक मेटाडोर आली. तंबू-कनातवाल्याची होती, बाजूला त्याच्या दुकानाचं नाव रंगवलेलं. मागचं फळकूट खाली पडलं आणि गुंडाळलेल्या सतरंज्यांवरून, एकमेकींना हात देत, आर. के. पुरमच्या सहा बायका उतरल्या. सर्वांत थोरल्या वहिनींनी पदर झटकला आणि मामांनाच धरलं. "काय हो भाऊजी, तुमची बस वेळेआधी सोडता होय? आम्ही हिला घ्यायला म्हणून सव्वाबारापासून थांब्यावर उभ्या. दीड वाजला तरी पत्ता नाही. शेवटी म्हटलं, भाऊजींनी छापलंय म्हणजे बस निघाली असणारच, आपलीच चुकली. मग ही गाडी केली आणि बसच्या मागे लागलो. कुठे गेली ती?"

मामांची मान खाली गेली होती आणि खांदे हलत होते. ते हसत होते की काय करत होते, ते मी सांगू शकणार नाही. मामी मात्र उठल्या, एकेकीचा हात धरत शेवटी मेटाडोरपाशी गेल्या, आणि आत वाकून बघतात तो सतरंज्यांच्या मधोमध पेटी. "एवढ्या लांबचा प्रवास," थोरल्या वहिनी म्हणाल्या, "वाटेत कंटाळा नको म्हणून घेतली." मग तिथेच, सोसायटीच्या गाड्या लावायच्या छपराखाली, मेटाडोरच्या सतरंज्या अंथरून भजन झालं. कर्नलसाहेब मांडी घालता येत नसल्याने खुर्ची आणून बसले, चौधरी म्हशी सोडून आला. मामींची बोटं पहिली पाच मिनिटं अडखळली, नंतर नाही. लाडू अर्थातच पुरले नाहीत.

पुढच्या बुधवारी समाचारात शुद्धिपत्र आलं: 'शनिवार को बस नहीं आई. मेटाडोर आई. स्वयं देखी.' मंगळवारी मामी पुण्याला गेल्या नाहीत. कुणी विचारलंही नाही. बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात कधी गेले ते माझ्या बायकोलाही कळलं नाही. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारचं भजन मात्र सेक्टरातच व्हायचं ठरलं.

बस आली ती आणखी काही वर्षांनी. तोवर सेक्टरात दुकानं झाली होती, बागेत म्हशींऐवजी घसरगुंडी होती, आणि आर. के. पुरमच्या त्या बायकांची यजमानमंडळी एकेक करून निवृत्त होऊन नागपूर, ठाणे, सांगली अशी पांगली होती. पहिल्या दिवशी पहिल्या बसमध्ये मामांनी मामींना खिडकीशी बसवलं. दोघं आर. के. पुरमला उतरली, जुन्या क्वार्टरसमोर थोडा वेळ उभी राहिली. गॅलरीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. ओळखीचं कुणी नव्हतं. कोपऱ्यावर चहा प्यायले, आणि मामी म्हणाल्या, "चला आता घरी."

हे मला मामांनीच सांगितलं. "कुठल्या घरी, असं मी विचारलं," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. चिडली."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही नोकरीच्या मागे मागे दोन शहरं बदलली. मामींचा मुलगा दर दिवाळीला त्यांना पुण्याला चल म्हणतो, तिकीटही पाठवतो. मामी ते परत पाठवतात, आणि अजून त्याच सेक्टरात, त्याच फ्लॅटमध्ये राहतात.