पलीकडच्या नोटा

त्या न्हाव्याला सगळा बाजार टकलू म्हणायचा. म्हणणारच! ज्याच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही, त्याच्यापुढे अख्खं गाव रोज मान खाली घालून बसायचं. तोही हसायचा. "आरसा फुटलाय, माझ्या डोक्यात बघून भांग पाडा," म्हणायचा. दिवसभर लोकांना असं हसवायचं आणि संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत एकट्यापुरतं शिजवायचं, हा त्याचा क्रम. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस, थोरला भाऊ, आणि तोही पुलापलीकडे.

पूल ओलांडला की दुसरा देश. नदी एवढीशी, की या काठावर शिंकलं तर त्या काठावर ऐकू जावं. पण दोन्ही टोकांना चौकी, शिक्का, रांग. दादा तरुणपणीच पलीकडच्या काचेच्या कारखान्यात लागला, तिकडचीच बायको केली आणि तिकडचाच झाला. तेव्हा पलीकडच्या पैशाचा काय तोरा होता! त्यांची एक नोट दिली की इकडच्या नोटांची जुडी हातात पडायची. सुट्टीला ते लोक पिशव्या घेऊन यायचे आणि भाव न विचारता माल उचलायचे. आमचे दुकानदार त्यांच्यासाठी खुर्च्या पुसायचे, आणि त्यांची पाठ फिरली की "माजलेत लेकाचे" म्हणायचे. पलीकडचेही काही कमी नव्हते. त्यांच्याकडे म्हणे एखादी वस्तू चार दिवसांत मोडली की "अलीकडची दिसतेय" म्हणायची रीत होती. पळसाला पानं तीनच, दुसरं काय!

दादा महिन्यातून एकदा केस कापायला यायचा. तिकडे न्हावी नव्हते असं नाही. धाकट्याला भेटायला यायचा, पण तसं तोंडाने म्हणेल तर शपथ. केस कापून झाले की मान झटकून उठायचा आणि एक करकरीत नोट आरशापुढे टाकायचा.

"ठेव रे. आमच्याकडे ही चिल्लर. तुमच्याकडे महिना निघेल."

आमच्याकडे, तुमच्याकडे! एका आईच्या पोटचे दोघे, एका ताटात जेवलेले, आणि आता म्हणे तुमच्याकडे. टकलूच्या काळजात ते रुतून बसायचं. नोट परत करावी तर थोरल्याचा अपमान. पण ती मोडायचीही नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं. आलेली प्रत्येक नोट तो पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. छत गळायला लागलं, त्याने खाली बादली लावली, पण डबा उघडला नाही. मानी माणूस! हा मान माणसाला नेमका नको तिथे आडवा येतो. पुढे त्याने कर्ज काढून फिरती खुर्ची घेतली आणि ते फेडायला पहाटेपासून दाढ्या केल्या. दादा आला, खुर्चीवरून हात फिरवला आणि गालात हसला. टकलूला वाटलं, टिंगल करतोय. तो वस्तऱ्याला धार लावत राहिला.

मग पलीकडचा पैसा घसरला. का घसरला ते मोठ्या लोकांना ठाऊक. आम्हाला एवढंच दिसलं, की आता तिकडचे लोक जुड्या घेऊन येतात आणि साबणाची एक वडी घेऊन परत जातात. ज्यांनी खुर्च्या पुसल्या होत्या त्यांनीच दारावर पाट्या लावल्या, पलीकडच्या नोटा चालणार नाहीत. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ते हे असे. न्हाव्याला वस्तऱ्यावरचा फेस पुसायला कागद लागतो. "काय टकलू," गिऱ्हाइकं म्हणायची, "रद्दी कशाला आणतोस? तिकडच्या नोटा आण. स्वस्त पडतील." सगळे खो खो हसायचे. टकलू तेवढ्या एका विनोदाला हसायचा नाही.

दादाचं येणं बंद झालं. कारखान्याला कुलूप लागलं, वहिनी वारली, हे सगळं पुलावरच्या हमालाकडून कळलं. सख्खी वहिनी गेल्याचं परक्याच्या तोंडून कळावं! त्या दिवशी टकलूने दुकान उघडलंच नाही. अंधाऱ्या खोलीत बसल्या बसल्या त्याच्या मनात एकच आलं, दादाला इकडे आणायचं. दोन एकटी माणसं, दोन चुली कशाला? त्याने पिशवीत कात्री, कंगवा, वस्तरा घेतला. मग जरा थांबून तो डबाही घेतला.

दादाच्या खोलीत काचेचे पेलेच पेले होते. शेवटचा पगार कारखान्याने पेल्यांत दिला होता. दादाचे केस मानेवर रुळत होते. ते बघूनच टकलूला भडभडून आलं.

"दादा, चल माझ्याकडे. घर खायला उठतं रे मला."

दादाने हातातला पेला पुसून खिडकीत ठेवला. मग म्हणाला, "येतो. लोक म्हणतील, कफल्लक झाला आणि धाकट्याच्या गळ्यात पडला. म्हणू देत. तिथे माझंही काही आहेच की."

टकलूला आकाश ठेंगणं झालं. आहेच की, भाऊ आहे! त्या आनंदाच्या भरात त्याने डबा काढून दादापुढे ठेवला. वाटलं, आता मोठ्या मनाने सांगून टाकावं.

"हे बघ. तुझी एकसुद्धा नोट मी मोडली नाही. सगळ्या जशाच्या तशा ठेवल्यात."

दादाने डब्याचं झाकण काढून आत बघितलं. "मग ती खुर्ची?"

"ती मी कर्ज काढून घेतली. माझ्या हिमतीवर." आणि हे तो छाती काढून बोलला. वेडा कुठला!

"आणि छत?"

"गळतंय अजून."

दादा खाटेवर बसला. "कारखान्यात मी सगळ्यांना सांगायचो, माझ्या भावाचं दुकान माझ्या पैशावर उभं आहे. तुझी वहिनी शेवटी शेवटी म्हणायची, जाऊ दे हो सगळं, तिकडे एक खुर्ची तरी आहे आपली." त्याने डबा बाजूला सारला. "म्हणजे मी तुला काहीच दिलं नाही. किंमत होती तेव्हा तू घेतलं नाहीस, आणि आता परत घेऊन आलास."

"दादा, तसं नाही रे..."

"केस काप."

टकलूने पिशवीतून कात्री आणि कंगवा काढला. मानेवरचे केस काढताना त्याने हळूच विचारलं, "उद्या निघू या ना?"

"नाही. आता आलो तर नुसता खायला येईन."

खूप विनवण्या झाल्या. टकलू रडला, पाया पडला. पण दादा त्याचाच भाऊ, तो कसला ऐकतोय. उठताना दादाने डब्यातली एक नोट काढली आणि भावाच्या मुठीत कोंबली.

"ठेव रे. आमच्याकडे हिला आता कुणी विचारत नाही. तुमच्याकडे काही मिळालं तर बघ. पण ही खर्च कर. माझी शपथ आहे."

पूल ओलांडून टकलू नोटा बदलणाऱ्याच्या खिडकीपाशी गेला. खिडकीतल्या माणसाने नोट उलटीपालटी केली, टकलूच्या तोंडाकडे बघितलं आणि एक नाणं सरकवलं. समोरच्या टपरीवर त्या नाण्यात अर्धा कप चहा आला.

"काय टकलू, आज अर्ध्यावरच?" टपरीवाला म्हणाला. "आणखी ओतू का? पैसे उद्या दे."

टकलूने कपावर हात ठेवला. "नको. हा माझ्या भावाने पाजलाय," तो म्हणाला. "इतकी वर्षं तो देत होता रे. मी आज घेतला."