अंगठ्यांनी चढवलेला टायर

आमच्या घरात एका गोष्टीसाठी माझं फार कौतुक होतं. सायकलचा टायर कितीही घट्ट असो, मी तो नुसत्या अंगठ्यांनी रिमवर चढवतो. लोखंडी पट्ट्या नाहीत, पाना नाही. आमचे जावई पाहुण्यांना बोलावून हा खेळ दाखवतात. शाळामास्तराला हे कसब आलं कुठून, असं कुणी विचारलं की मी हसून वेळ मारून नेतो. खरं कारण सांगण्यासारखं नाही. आता ऐंशीच्या घरात आलो, लपवून तरी कुणाचं भलं होणार आहे, म्हणून लिहितो.

तेव्हा आम्ही चिक्कडपल्लीत राहत होतो आणि माझी सरकारी शाळा अंबरपेठेत होती. गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान कारागिराचं सायकलचं दुकान होतं. माणूस पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. दुकानामागच्याच खोलीत तो राही. निजामाचं राज्य जाण्याआधीच्या उन्हाळ्यात खाकी कपडे घातलेली टोळकी शहरभर फिरत आणि आमच्यासारख्यांच्या सायकली खुशाल उचलून नेत. एकदा त्यांनी मला त्याच्या दुकानासमोरच अडवलं आणि सायकलला हात घातला. तो उठून पुढे आला आणि म्हणाला, ही सायकल माझी आहे, मास्टर साहेबांनी चालवून बघायला नेली होती. चक्क खोटं. सायकल त्याने दुकानात नेऊन उलटी टांगली आणि चार दिवसांनी मागच्या दाराने माझ्या हवाली केली. पकडला गेला असता तर त्याचं काय झालं असतं, हा विचार तेव्हा मी केला नाही. सायकल मिळाली याचाच आनंद होता.

मग फौज आली, राज्य गेलं. खाकीवाले दिसेनासे झाले आणि जी भीती आमच्या घरात होती ती शेजारच्या घरात राहायला गेली. कुणावर संशय आला की गल्लीतले लोक त्याला चौकीवर नेऊन उभं करत. काहीजण लगेच सुटत, काहींचा पत्ता लागत नसे. कारागिराने दुकानाला कुलूप घातलं आणि तो मागच्या खोलीत बसून राहिला.

नेमका तेव्हाच माझा टायर फाटला. नाकेबंदीमुळे कितीतरी महिने शहरात टायर मिळत नव्हते. बेगम बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे एक निघाला. चिंचेच्या पोत्यांमागे पडून पडून तो पापडासारखा कडक झाला होता. शाळा सोमवारी उघडणार होती आणि नवे अधिकारी पहिल्याच दिवशी हजेरी बघणार, अशी आवई होती. रविवारची सगळी सकाळ मी ओट्यावर त्या टायरशी झटलो. इकडची कड बसवली की तिकडची बाहेर. शेवटी उलथन्याचा दांडा घालून रेटलं, तर ट्यूब चिमटून फुटली. बायको म्हणाली, टायर राहू द्या, निदान माझं उलथनं तरी सरळ करून द्या. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी डोकं फिरलं.

तसाच उठलो आणि कारागिराच्या मागच्या दारावर थाप मारली. दार बोटभर उघडलं. दोन दिवस थांबा, हालात जरा ठीक होऊ द्या, असं तो अजिजीने म्हणाला. मला थांबायचं नव्हतं. मी म्हणालो, "चलो, मैं हूँ साथ में. तुमकू कौन क्या बोलता?"

एवढ्या एका वाक्यावर तो बाहेर आला.

आमच्या ओट्यावर बसून त्याने आधी ट्यूबला ठिगळ लावलं. मग माझ्याकडून शाळेचा खडू मागून घेतला, कुटला आणि ती भुकटी टायरच्या कडेला आतून चोळली. मी शेजारीच उकिडवा बसलो होतो. व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून त्याने सुरुवात केली. दोन्ही हातांनी कड दाबत, रिमच्या मधल्या खोलगट भागात बसवत तो वर वर सरकत होता.

"ज़ोर नक्को लगाओ, मास्टर साब," तो म्हणाला. "बीच में जगह देव. आपीच चढ़ता."

वीतभर कड चढवायची राहिली होती, तेव्हा ते तिघे आले. आमच्याच गल्लीतले, रोज नमस्कार करणारे. छातीवर नव्या तिरंगी फिती. कारागिराकडे न पाहता ते माझ्याशी बोलू लागले. खाकीवाल्यांच्या सायकली याच्याच दुकानात दुरुस्त होत, हा त्यांचाच माणूस, तुमच्या ओट्यावर कसा, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांतला जो वयाने मोठा होता त्याने विचारलं, "मास्तर, याचा जिम्मा तुम्ही घेता का?"

मला आठवतं, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे उद्याचं हजेरीपुस्तक आलं आणि माझी सरकारी नोकरी. त्याने माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं. मला तर नुसतं खरंच सांगायचं होतं.

मी म्हणालो, "मी याच्याकडून टायर चढवून घेतो. बाकी मला काही माहीत नाही."

त्याला मराठी चांगली समजायची. त्याने मान वर केली नाही. व्हॉल्व्ह आत ढकलून ट्यूब कुठे चिमटत नाही ना ते पाहिलं, आणि उरलेली वीतभर कड अंगठ्यांनी रिमवर सरकवली. चाक फिरवून बघितलं. हात लुंगीला पुसले. "हवा शाम को एक बार देख लेना," एवढं मला सांगून तो त्यांच्याबरोबर निघाला. मी साथ में होतो तो ओट्यावरच राहिलो.

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "सायकलचं तरी सांगायचं होतं." त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी चौकीवर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच टायरवरून वेळेवर शाळेत पोचलो. हजेरी बघायला कुणीही आलं नाही.

दीड महिन्याने तो परत आला. फार वाळला होता. दुकान उघडलं. मी मागच्या बोळातून जा-ये करू लागलो. पंक्चर झालं की घरीच बसून झगडायचो. किती ट्यूबा फाडल्या त्याला गणती नाही, पण त्याच्या दुकानाची पायरी चढायची नव्हती. हळूहळू हात बसला. कौतुक होतं ते या कसबाचं.

तीन-चार वर्षांनी एकदा बोळ खणून ठेवला होता आणि चाकातली हवा गेली होती. सायकल ढकलत, खाली मान घालून मी त्याच्या दुकानावरून चाललो होतो. तो पंप घेऊन बाहेर आला. काही न विचारता हवा भरू लागला. मग म्हणाला, "आजकल टायर कौन चढ़ाता, मास्टर साब?"

"मैंच चढ़ाता," मी म्हणालो.

त्याने माझा हात धरून उलटा केला आणि अंगठ्यावरचा घट्टा दाबून पाहिला. "अच्छा सीखे," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. माझा हात त्याच्या हातात होता, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तरी मला बोलता आलं असतं. शाळेला उशीर होतोय असं सांगून मी हात सोडवून घेतला आणि त्याने भरून दिलेल्या हवेवर पायडल मारत निघून गेलो.