सही चालत नाही

रेशन दुकानदाराने माझ्या आईचा हात मनगटाला धरून वर उचलला आणि रांगेला दाखवला. बाजारात कोंबडं उचलून दाखवतात तसा.

"बगा, हाय का एक तरी रेघ? असल्या बोटानं चोरी केली तर पोलिसाच्या बाला घावायची न्हाय म्हातारी!"

रांग हसली. आईसुद्धा हसली. हसलं की लवकर सुटका होते, हे ती फार पूर्वी शिकली होती.

रेशनकार्डावरच्या प्रत्येकाने दुकानात यायचं आणि आधारची ओळख पटवायला मशीनवर अंगठा लावायचा, असा हुकूम होता. पटली नाही तर नाव कमी. माझा अंगठा पटला, पोरीचा पटला. आईने पदराला पुसून लावला, केसांवरून फिरवून लावला, दुकानदाराने वरून दाबून धरला. मशीन तिला ओळखेना.

"मशीन म्हणतंय तुमी तुमी न्हाईसा," तो म्हणाला.

परत येताना आईने विचारलं, "नाव कमी म्हंजे? मेलेल्याचं करत्यात तसं?"

तसंच होतं.

आमचं गाव हुपरी. घराघरात पैंजण होतात. आईचं काम पॉलिशचं. तेजाबाच्या पाण्यातून पैंजण काढायचे आणि रिठ्याच्या फेसात तारेच्या ब्रशने घासायचे. चांदीला चकाकी येते, बोटाची कातडी जाते. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुकानदाराला तर चांगलंच ठाऊक, कारण त्याचा बाप, थोरला अण्णा, आमच्या गल्लीला चांदी देऊन पैंजण करून घ्यायचा. आईची बोटं झिजली ती त्याच घरच्या पैंजणांवर.

तेव्हा आईला लिहिता येत नव्हतं. चांदी देताना थोरला अण्णा तिच्यापुढे शाईचा डबा सरकवायचा आणि सोप्यात बसलेल्या चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "या, अंगठेबहाद्दर!" लोक हसायचे. मी आईचा पदर धरून उभी असायचे. शाळेत जाणारी होते, शब्दाचा अर्थ मला कळत होता. आईलाही कळत होता.

एका संध्याकाळी तिने माझी पाटी ओढून घेतली. "मला माजं नाव लिवाय शिकीव." आक्काताई. त्या जोडाक्षरापाशी ती रडकुंडीला आली. तारेचा ब्रश धरणारा हात, पेन्सिल कडाकडा मोडायची. पण शिकली. पुढच्या खेपेला थोरल्या अण्णाने शाईचा डबा सरकवला तसा तिने तो परत सरकवला. "मी सही करतो," म्हणाली. त्या दिवशी घरी येताना ती रस्त्याच्या मधून चालत होती.

मग आधारकार्ड आलं. शाळेच्या खोलीत अख्ख्या गावाची बोटं घेतली. हाच दुकानदार तिथे पुढारपण करत होता. "आता गरिबाच्या घासाला कोण हात लावत न्हाय बगा," म्हणाला. मला तेव्हाच खटकलं. धान्य गायब व्हायचं ते दुकानातून, आणि बोटं घेतली आमची. चोराच्या उलट्या बोंबा! आईने तिथेही पेन मागितला. मशीनवरचा पोरगा हसला. "सही चालत न्हाय मावशी. बोटं ठेवा." तेव्हा तिच्या बोटांवर थोड्या रेघा उरल्या होत्या, म्हणून निभावलं.

आता त्याही गेल्या. दुकानदाराने आम्हाला कोल्हापूरला पिटाळलं. शाहूपुरीत एका आधार केंद्रावर खिडकीतल्या माणसाने आईचा चेहरा न बघताच औषध सांगितलं. "महिनाभर काम बंद ठेवा. हाताला साय चोळा. रेघा परत येतात."

म्हणजे जिवंत आहे हे पटवायचं तर पोटाचा धंदा बंद करायचा. आईने तेही केलं. जन्मात रिकामी न बसलेली बाई हाताला साय चोळून उंबऱ्यात बसली. मांजर बोटं चाटायला यायचं. ती अंगठा उन्हाला धरायची आणि मला विचारायची, "आली का गं?" जणू तिचाच काही गुन्हा होता. मला तिचा राग यायचा. मग त्या खिडकीतल्या माणसाचा यायचा, आणि तो उतरायचा नाही.

पुढच्या वाटपाला आम्ही परत गेलो. मशीनने परत नाही म्हटलं.

दुकानदार मला बाजूला घेऊन गोड बोलायला लागला. "ताई, कशाला भानगड? म्हातारीचं नाव कमी करून टाकू. तुमचा अंगठा चालतोय न्हवं? नाव कमी कराय त्यो हितं द्या आन तुमचं धान्य घेऊन जावा."

मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मीही पॉलिशच करते. मधल्या रेघा पुसट व्हायला लागल्यात. आज मी आईला कमी करायची, उद्या माझी पोरगी मला.

"न्हाय देत," मी म्हणाले. "आईची सही घ्या."

"सही चालत न्हाय."

"तुमचा बा आमच्या अंगठ्याला हसत हुता. तुमाला सही चालत न्हाय. तुमच्या घराला आमचं चालतं तरी काय?"

मी रांगेकडे वळले. आईला जन्मापासून ओळखणारी माणसं. "सांगा की, ही कोण हाय?"

कोणी तोंड उघडलं नाही. ज्याला त्याला आपल्या अंगठ्याची काळजी. दुकानदारावर होता तेवढाच राग मला त्या रांगेचा आला. अजून आहे.

तेवढ्यात आई पुढे झाली. दुकानाच्या भिंतीवर धान्यसाठ्याचा फळा असतो, तिने तिथला खडू उचलला. "मी लिवतो," म्हणाली. आणि लिहिलं. आक्काताई. सावकाश, जोडाक्षरासकट.

"ओ! सरकारी फळा हाय त्यो!"

"मग वाचू दे सरकारला," मी म्हणाले.

त्या दिवशी पिशव्या रिकाम्याच घरी आल्या. तहसीलला आईच्या सहीचा अर्ज दिलाय, उत्तर नाही. दुकानदाराने फळा पुसला. पुढच्या वाटपाला आईने परत लिहिलं. त्याने पुसलं. तिचा हात थकेल तेव्हा मी लिहीन, आणि माझ्या रेघा जातील तेव्हा तिच्या नावाखाली माझं लिहीन. पण तिला कमी करायला माझा अंगठा मागू नका. त्या घराला आमचे अंगठे पुष्कळ मिळाले. हा मिळणार नाही.