न मारलेली लाथ

माझं माहेर शहरातलं, क्रांती चौकाजवळचं. दूध पिशवीतून येतं, एवढीच माझी गाईशी ओळख. लग्न होऊन शेंद्र्याला आले तर दारातच गोठा. नवरा कंपनीत शिफ्टवर, गोठ्याचा सगळा कारभार सासूबाईंकडे. त्यांचा उजवा हात मोडून प्लास्टरमध्ये गेला आणि गाभण कालवड माझ्या गळ्यात पडली. दोन महिन्यांनी ती पहिल्यांदाच व्यायची होती.

सासूबाईंनी मला शेजारी उभं राहून शिकवलं. "रोज पाठीवरून, पोटावरून हात फिरवत कासेपर्यंत जायचं. आत्ताच सवय लागली तर पुढं धारेला लाथ मारत नाय. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतेत, पण आपण कशाला खायच्या? एकच ध्यानात ठेव. सड पिळायचा नाय. त्याच्या तोंडाला मेणासारखं बूच असतंय. ते व्याल्यावर काढायचं, आधी नाय."

पहिला आठवडा मी लाथाच खाल्ल्या. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी पुन्हा गोठ्यात शिरायचे तेव्हा नवरा म्हणायचा, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तुझी तर कालवड हाय!" मीही हट्टाला पेटले. ढेप चारायची, बोलत राहायचं, तिनं पाय उचलला की "गप!" म्हणून दटावायचं, पण हात काढायचा नाही. पंधरा दिवसांत ती खांबासारखी उभी राहू लागली आणि मी गावभर मिरवू लागले.

त्याच तोऱ्यात एक दिवस मी माझ्या बाजूचा सड पिळला. बूच निघालं, मागोमाग मधासारखा घट्ट थेंब आला. मला कोण आनंद झाला! मग रोज तेवढाच एक सड, दोन-तीन थेंब, नुसतं बघायला. सासूबाईंना यातलं काहीच सांगितलं नाही. त्या ओरडल्या असत्या.

काही दिवसांनी त्या सडाला हात लागला की तिची कातडी थरथरायची. ती मान वळवून माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "गप उभी राहा." ती राहायची. व्यायचे दिवस जवळ आले म्हणून कास भरतच होती, त्यामुळे एका बाजूची सूज कुणाला वेगळी दिसलीच नाही.

एके दिवशी सकाळी ती व्याली. गोऱ्हा झाला. धार काढायला मी बसले, सासूबाई एका हातानं तिची पाठ खाजवत होत्या. तीन सडांतून पिवळाधमक चीक आला. चौथा पिळला आणि तांबूस पाणी आलं, त्यात नासलेल्या दुधासारख्या गाठी. भांडं कुठं ठेवलं तेही मला आठवत नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कास दाबून बघितली. "दगडी झालीय, सडातून जंतू शिरून कास सुजलीय. आजची नाही ही, बरेच दिवसांची आहे. हा सड गेला." मग तिच्या पायांकडे बघत म्हणाले, "एवढं दुखत असताना लाथ कशी मारली नाही हिनं?"

डॉक्टर गेल्यावर मी सासूबाईंना थेंबांचं सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी होती, खरं तर मला त्या हव्याच होत्या. त्या बराच वेळ कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"लाथ मारली असती तर त्याच दिवशी कळलं असतं गं," त्या म्हणाल्या. "लई चांगलं शिकवलंस तू तिला."

त्यानंतर ती दोनदा व्याली. मी तीन सडांची धार काढते. चुकून हात चौथ्याला लागला की ती अजूनही मान वळवून बघते आणि गप उभी राहते. एकदा तरी तिनं मला लाथ मारावी, असं मनापासून वाटतं.