कोरी रेघ

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. वयाने मोठी म्हणून नव्हे. दुसऱ्यांचा पसारा निमूटपणे आवरणारी ती एकटीच होती म्हणून. आवरण्याचा तो सोसच तिला भोवला.

रुग्णवाहिका कुठल्या रुग्णालयाकडे वळवायची, हे ठरवणारी प्रणाली ताई सांभाळायची. पडद्यावर नुसते चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. चौकोनात फक्त नावं. खरा कोड रेघेत. रेघेवर दोनदा क्लिक केलं की तिचं पान उघडायचं. महिन्यापूर्वी साहेबांना चित्र दाखवायचं होतं, म्हणून ताईने रेघांचा गुंता सोडवला. एक रेघ फारच वेडीवाकडी होती. ती पुसून तिने सरळ काढली. साहेब काय खूश झाले! पुसलेल्या रेघेबरोबर तिचा कोडही गेला, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जुन्या प्रती तर दर आठवड्याला आपोआप पुसल्या जात.

यंत्रात अजून आधीच बांधून ठेवलेली जुनी प्रणाली चालू होती, म्हणून निभावलं; पण तिच्यातून कोड परत वाचता येत नव्हता. आता नवं रुग्णालय जोडायचं तर सगळं पुन्हा बांधणं आलं. ताईने रेघ उघडली, तर पान कोरं. जवळचं रुग्णालय भरलेलं असेल तर गाडी कुठे न्यायची, ते सांगणारं नेमकं तेच पान.

"लिही की नव्याने," साहेब म्हणाले. जणू शर्टाचं बटणच लावायचं होतं! तो कोड ऑफिसातल्या जुन्या काकांनी वर्षानुवर्षं ठेच खात खात बेतलेला. काकांनीच ताईला काम शिकवलेलं. पण पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती, लिहिता हातही गेला होता. कळत मात्र सगळं होतं.

ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेली. काकूंनी पाठीशी उशी लावून त्यांना बसवलं.

"बघा, कोण आलंय! अजून तुमच्यावाचून अडतं हो यांचं."

चित्र पाहताच काकांचा चेहरा उजळला. नेमक्या त्याच रेघेवर त्यांनी डाव्या बोटाने दोनदा टिचकी मारली. ताईने क्लिक केलं. कोरं पान. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा कोरं. काका गोंधळले, आणि एकाएकी स्वतःच्या कपाळावर मारून घेऊ लागले.

"अहो, असं काय करता?" काकूंनी हात धरला. मग ताईला म्हणाल्या, "यांना वाटतंय, आपलीच आठवण गेली."

"नाही हो काका! मी पुसलं ते. माझ्या हातून गेलं!" ताईला हुंदका फुटला.

काकांनी नकारार्थी मान हलवली. पोरगी आपल्याला सांभाळून घेतेय, असंच त्यांना वाटलं असावं. त्यांनी तिच्या डोक्यावर हळूच थोपटलं, आणि पुन्हा स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवलं.